घूं आवाजाची तारीख

शनिवार, १४ ऑक्टोबर. सकाळी ढगाळ, दुपारी ऊन. हॉलचे पडदे धुतले. दादांनी वाचनालयाच्या पत्राचा मजकूर पुरा केला. शुद्ध प्रत मी काढली, दीड पान. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं. सोमवारी पोस्टात टाकायचं. वायरताईला फोन केला. दादांना सांगितलेलं नाही.

माईंच्या डायऱ्यांमध्ये ‘सांगितलेलं नाही’ हे शब्द शोधूनही फारसे सापडायचे नाहीत. शाळेत सिस्टरांनी पानाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घालायला शिकवली, त्या दिवसापासून त्या रोज लिहीत आल्या होत्या, आणि जे लिहायचं ते आधी घरात बोलून झालेलं असायचं. नवरा होता तोवर नवऱ्याशी. तो गेल्यावर थोरला भाऊ सोबतीला राहायला आला, मग त्याच्याशी. पंचाहत्तराव्या वर्षी भावाची नजर चुकवून फोन करायचा म्हणजे शाळेच्या कुंपणावरून उडी मारल्यासारखंच होतं. फोन ठेवल्यावर त्यांनी उगाचच हात धुतले.

वायरताई म्हणजे इमारतीत इंटरनेटच्या तारा टाकणारी बाई. तिला आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तिला ‘वायरताई’ म्हणायला सुरुवात केली आणि ते असं चिकटलं की पुढे तिनेच आपल्या पावतीपुस्तकावर ते छापून घेतलं. वय पन्नाशीच्या आसपास. अंगाने काटक, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला अनेक खिशांची पिशवी. पहिल्यांदा ती माईंच्या दारात आली तेव्हा माईंनी विचारलं होतं, “मिस्त्री कधी येणार?”

“आला की,” ती म्हणाली होती. “पाय पुसून आत यायची वाट बघतोय.”

त्याला आता बारा वर्षं झाली होती. त्या बारा वर्षांत चहाच्या कपागणिक तुकड्यातुकड्याने माईंना तिची सगळी हकिगत कळली होती. तिचे वडील टेलिफोन खात्यात तारा जोडायचे. रस्त्याखालच्या खड्ड्यात उतरायचं, शेकडो तारांच्या जोड्या रंगांवरून ओळखायच्या आणि एकेक जुळवायची. संध्याकाळी घरी येताना ते खिशात तारांचे उरलेले तुकडे आणायचे, आणि हिने ते वेण्यांत गुंफायचे. शाळेतल्या बाईंनी एकदा हातावर पट्टी दिली, तर ही रडत रडत म्हणाली होती, “पण बाई, क्रम बरोबर आहे.” निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. तो क्रम तिच्या बोटांत तेव्हा बसला तो कायमचा.

लग्नानंतर सहा महिन्यांचा वर्ग करून ती या धंद्यात आली. नवरा टेम्पो चालवायचा. त्याने विरोध केला नाही, कौतुकही केलं नाही, फक्त पहिल्या दिवशी तिला टेम्पोतून कामावर सोडलं. सासूबाई मात्र आल्यागेल्याला सांगायच्या, “आमची सून भिंतींशी बोलते. भिंती ऐकतात तिचं, मी काय घोडं मारलंय.”

तिची एक खोड सगळ्या इमारतीला ठाऊक होती. कुठलीही तार टाकली की तिच्या दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तार कुठून कुठे जाते ते आणि तारीख, वरून पारदर्शक टेप. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणायचे, “हिच्या तारांना पाळण्यातल्या बाळांसारखी नावं असतात.” या खोडीमागे एक जुनी जखम होती. नवीन असताना एका मोठ्या ऑफिसात तिने एकाच टोकाला चिठ्ठ्या लावल्या, वर्षभराने ती स्वतःच एक तार कापायला गेली आणि दुसरीच कापली. अख्खा मजला दिवसभर हात बांधून बसला. लोक खूश होते, कुणीतरी पत्तेही काढले. ती जिन्यात बसून रडली, मग साहेबांपुढे उभी राहून म्हणाली, चूक माझी आहे, रात्रीपर्यंत दुरुस्त करते. साहेब म्हणाले, एवढं सरळ सांगणारा माणूस मला या इमारतीत पहिल्यांदाच भेटला. त्या ऑफिसचं काम तिच्याकडे अजून होतं.

तारखेचं वेड असलेली माणसं एकमेकांना लगेच ओळखतात. माईंचं तिच्यावर मन बसलं ते त्या चिठ्ठ्यांमुळे.

आणि अशी ही वायरताई जुलैपासून माईंच्या घरी फिरकली नव्हती. कारण दादा.

दादांनी चौतीस वर्षं नभोवाणी केंद्रावर ध्वनिमुद्रण केलं होतं. काचेच्या अलीकडे बसून पलीकडच्याचा श्वास ऐकायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी हॉलचा एक कोपरा आपल्या ताब्यात घेतला. तिथे दोन उंच स्पीकर, वजनदार अ‍ॅम्प्लिफायर आणि तारेवरून गाणं घेणारा एक पेटीसारखा प्लेअर होता. साठवलेली सगळी गाणी अभ्यासाच्या खोलीतल्या यंत्रात होती, आणि तिथून हॉलपर्यंत वायरताईने टाकलेली साधी निळी तार यायची. अ‍ॅम्प्लिफायर दादा कधीही बंद करत नसत. “यंत्र तापलेलं असलं की आवाज उघडतो,” असं त्यांचं म्हणणं. माई धूळ पुसताना त्याच्या पाठीवर हात शेकून घ्यायच्या.

जुलैमध्ये दादा आवाजाच्या यंत्रांच्या एका दुकानात गेले आणि हातात एक लांबट खोका घेऊन परतले. खोक्यात मखमलीवर एक तार होती. करंगळीएवढी जाड, वरून काळी वीण, दोन्ही टोकांना चकचकीत धातूचे प्लग. सोबत धातूचंच एक जाडजूड खोकं, तारा एकत्र जोडायचं. किंमत दादांनी सांगितली नाही, माईंनी विचारली नाही.

तार भिंतीतल्या नळीतून घालायला वायरताईला बोलावलं. तिने ती हातावर तोलली, वाकवून पाहिली.

“कशासाठी बदलायची, दादा? निळी बिघडली का?”

“बिघडली नाही. पण ही घातली की आवाज सुधारतो. दुकानात मी स्वतः ऐकलं. समोरचा पडदा सरकल्यासारखं झालं.”

वायरताईने तार मखमलीवर परत ठेवली. मग म्हणाली, “या तारेतून गाणं जात नाही, दादा. आकडे जातात. पलीकडचं यंत्र आकडे वाचून गाणं तयार करतं. आकडा पोचला तर पोचला, नाही तर नाही. तो वाटेत गोड होत नाही.” आणि टेबलाशी लिहीत बसलेल्या माईंकडे बघून पुढे म्हणाली, “माईंनी पाकिटावरचा पत्ता कितीही वळणदार लिहिला, म्हणून आतला मजकूर बदलतो का?”

माईंना हसू फुटलं. तेच नडलं.

“बाई,” दादा म्हणाले. एरवी ते तिला ‘अगं’ म्हणायचे. “तुम्हाला तारा कळतात. सूर नाही कळत.”

वायरताईने पिशवी उघडली. नळी रुंद करून तिने जाड तार घातली, धातूचं खोकं बसवलं, दोन्ही टोकांना चिठ्ठ्या बांधल्या, निळी तार गुंडाळून माईंच्या हातात दिली आणि चहा न पिताच गेली. चहा ओतून टाकला, असं माईंनी त्या दिवशी लिहिलं होतं.

पहिले दोन दिवस दादा स्वर्गात होते. माईंना हाक मारून मारून बसवत. “ऐक, बोटं तारेवरून सरकतात ती ऐक.” माईंना बोटं ऐकू आली नाहीत, पण त्यांना हल्ली दाराची घंटाही दुसऱ्यांदा वाजवल्यावर ऐकू यायची, त्यामुळे त्यांचं मत कुणी धरलं नाही.

मग दादा म्हणाले, फ्रिज घूं घूं करतो. फ्रिजवाला आला, मागची जाळी पुसून गेला. दादा म्हणाले, अजून करतो. माईंनी फ्रिजला कान लावला, पंपाला लावला, भिंतीला लावला. काही नाही. शेजारीणही येऊन ऐकून गेली. “काही नाही हो,” ती म्हणाली, आणि दादांकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं.

त्या नजरेनंतर दादांनी तो विषय बंद केला. गाणं बंद केलं तरी घूं चालूच राहतं, अंथरुणावर पडल्यावर भिंतीतून यावं तसं येतं, हे त्यांनी पुढे फक्त कानाच्या डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा माई सोबत होत्या. डॉक्टरांनी कानांचा आलेख काढला आणि म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, उंच पट्टीचे आवाज थोडे कमी झालेत, कानात गुणगुण या वयात होते. मनावर घेऊ नका.

दादांनी मनावर घेतलं. तीन आठवडे हॉलमध्ये एक सूर वाजला नाही. याहून माईंना जास्त टोचली ती वेगळीच गोष्ट. लिफ्टची घंटा जरा उतरलेली आहे, अशी तक्रार दादा गेली सहा वर्षं दर वेळी लिफ्टमधून बाहेर पडताना करायचे. ती त्यांनी बंद केली.

आणि नेमकं तेव्हाच वाचनालयाचं पत्र आलं. वाचनालयाच्या तळघरात जुन्या ध्वनिफितींची चारशे चाकं पडून होती. भाषणं, गाणी, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. त्यातलं काय धड आहे आणि काय बिघडलंय, ते ऐकून नोंद करणारा माणूस हवा होता. आठवड्यातून दोन दिवस. दादांसारखा दुसरा कुणी आम्हाला ठाऊक नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. दादांनी ते पत्र चार दिवस शर्टाच्या खिशात बाळगलं आणि मग उत्तर लिहायला घेतलं. ‘माझे कान आता भरवशाचे राहिलेले नाहीत.’ हे वाक्य शुद्ध प्रतीत उतरवताना माईंचा हात थांबला. सबंध आयुष्यात दादांनी हे वाक्य कुणाबद्दलही लिहिलं नव्हतं. पाकीट चिकटवून त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं आणि वायरताईला फोन लावला.

“माझं इंटरनेट मधूनमधून जातं,” त्या म्हणाल्या.

“माई, तुम्ही खोटं बोलता तेव्हा फार हळू बोलता,” वायरताई म्हणाली. “उद्या येते.”

रविवारी दहाच्या ठोक्याला ती आली, पाय पुसून. दादा हॉलमध्ये वर्तमानपत्र उघडून बसले होते.

“या,” ते म्हणाले. वर्तमानपत्र खाली आलं नाही.

माईंनी तिला स्वयंपाकघरात नेलं, आणि घूं आवाज, फ्रिजवाला, डॉक्टर, पत्र असं सगळं कानात सांगितलं.

“कान माझे गेलेत,” हॉलमधून दादांचा आवाज आला, “पण तुझी कुजबुज तळमजल्यापर्यंत जाते.”

लपवायला आता काही उरलंच नव्हतं. वायरताई हॉलमध्ये जाऊन दादांच्या समोर उभी राहिली.

“दादा, मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नंतर हवं तर हाकलून द्या.”

“विचारा.”

“घूं कधीपासून?”

“झाले दोन-अडीच महिने. तारीख कोण लक्षात ठेवतं.”

वायरताईने माईंकडे पाहिलं. माई आधीच कपाटाकडे निघाल्या होत्या. जुलैची पानं उलटून त्यांनी चष्मा सावरला आणि वाचलं, “गुरुवार, सत्तावीस जुलै. फ्रिज कालपासून घूं घूं करतो असं दादा म्हणतात. फ्रिजवाला येऊन गेला, दोष नाही.”

वायरताई अभ्यासाच्या खोलीत गेली, धातूच्या खोक्यामागे हात घातला आणि तारेची चिठ्ठी उजेडात धरली. “सोमवार, चोवीस जुलै,” ती तिथूनच म्हणाली.

दादांचं वर्तमानपत्र गुडघ्यांवर आलं होतं.

“आता दुसरं,” परत येत ती म्हणाली. “डॉक्टरांनी तुम्हाला त्या बंद खोलीत बसवलं असेल ना, कानावर पट्टा लावून? तिथे घूं होतं?”

दादांनी आठवून पाहिलं. “नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ते येतं-जातं.”

“बरं. आणि तुम्ही घरी आलात तेव्हा?”

“घरी होतं.”

“म्हणजे कान घरी ठेवून गेला होतात का, दादा?”

माईंनी तोंडाला पदर लावला. या खेपेस दादा रागावले नाहीत. ते तिच्याकडे टक लावून बघत होते. काचेपलीकडच्या माणसाकडे बघायचे तसे.

तिने एक खुर्ची मागितली आणि स्पीकरजवळ ठेवून बसली. कामाला हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसतं बसायचं, ही तिची रीत होती. माईंना ती रीत ठाऊक होती, म्हणून त्यांनी भांड्यांचा आवाज होऊ दिला नाही. दहा मिनिटांनी वायरताई उठली, स्पीकरच्या कापडाला कान टेकवला आणि तसाच ठेवला.

“आहे,” ती म्हणाली. “अगदी बारीक, तळाशी. मला कान चिकटवून ऐकू येतंय. तुम्हाला कुठून येतं?”

“या खुर्चीतून. पलंगावरूनही. पलंग याच भिंतीला आहे.”

“चार पावलांवरून?” तिने अंतर डोळ्यांनी मोजलं. “माई, या माणसाचे कान गेलेत असं कोण म्हणालं?”

माई पुढे झाल्या, स्पीकरला कान लावला. काही नाही. पण आता त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

वायरताईने दादांची खुर्ची खिडकीकडे वळवली. “पाठ माझ्याकडे. घूं थांबलं की बोट वर. आलं की खाली. मी बोलणार नाही. माई, तुम्ही लिहा.”

माईंनी डायरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर दोन रकाने आखले. वायरताई प्लेअरमागे वाकली आणि जाड तारेचा प्लग सावकाश बाहेर काढला. माईंना खट्ट एवढंही ऐकू आलं नाही.

दादांचं बोट वर गेलं.

ते तसंच वर राहिलं. वायरताईने प्लग पुन्हा बसवला. बोट खाली आलं. काढला, वर. मग तिने लबाडी केली, नुसताच प्लग हलवला आणि काढला नाही. बोट जागचं हललं नाही. दहा वेळा झालं. माईंनी दहाही खुणा सुवाच्य केल्या आणि खाली बेरीज लिहिली, दहापैकी दहा.

दादा वळले नाहीत. माईंनी चष्मा पुसला, दोनदा.

“पण काय आहे ते?” शेवटी दादांनी विचारलं.

“निळ्या तारेची टोकं प्लास्टिकची होती. आकडे जायचे, बाकी काही नाही,” वायरताई म्हणाली. “ही जाड तार. हिच्या आत धातूची जाळी आहे, टोकंही धातूची. तिकडचं खोकं धातूचं, इकडची पेटी धातूची. दोघांचे वीज-प्लग वेगवेगळ्या खोल्यांत. या जाळीने दोघांना एकत्र बांधलं, आणि घरातल्या विजेची गुणगुण जाळीवरून चालत आली थेट तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. तुम्ही तो कधी बंदच करत नाही, म्हणून ती कधी थांबली नाही. एकदा जरी बंद केला असता तरी कळलं असतं.”

“तापलेला लागतो,” दादा पुटपुटले.

माईंना वाटलं, आता ही म्हणणार, मी सांगितलं होतं. तिला तो हक्क होता. त्या स्वतः असत्या तर एखादं वाक्य तरी सुनावलंच असतं. पण वायरताई हातातला प्लग उलटसुलट करत उभी होती.

“दादा, माझी चूक झाली,” ती म्हणाली. “मी म्हटलं होतं, या तारेने काही फरक पडणार नाही. पडला. धातूची टोकं मला दिसत होती, मीच बसवली होती. तार लावल्यावर मी नेहमी बसून ऐकते. त्या दिवशी रागाच्या भरात उठून गेले. दहा मिनिटं बसले असते तर तुमचे अडीच महिने वाचले असते.”

दादांनी आता खुर्ची वळवली.

“सूर कळत नाहीत म्हणालो होतो मी तुला,” ते म्हणाले. ‘तुला’ हा शब्द माईंनी नीट ऐकला. “बस. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही आज. मागचाही उरलाय.”

“मागचा ओतला,” माई म्हणाल्या. “लिहून ठेवलंय.”

चहा झाला, पण दादांचं समाधान होईना. ते जन्मभर हेच करत आले होते. अर्धं काम त्यांना पचत नसे. “घूं वाईट, हे ठरलं,” ते म्हणाले. “पण ते सोडून, गाणं या तारेत बरं वाजतं की नाही? ते मला कळलंच पाहिजे. दुकानात मी ऐकलं होतं.”

वायरताईने मान डोलावली. अभ्यासाच्या खोलीतल्या खोक्याला तिने लांब एक्स्टेन्शन बोर्डाने हॉलमधूनच वीज दिली. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर आली तसं घूं मावळलं. दादांनीच तसं सांगितलं. निळी तार माईंनी माळ्यावरून काढून दिली, गुंडाळी जशीच्या तशी होती, आणि ती दाराखालून मोकळीच टाकली. मग तेच गाणं, तोच भाग, सहा वेळा. दर वेळी ती प्लग काढायची आणि लावायची, तार बदलली असो वा नसो, म्हणजे मधल्या शांततेवरून काही ओळखू येऊ नये. दादा खिडकीकडे तोंड करून बसले आणि दर वेळी म्हणाले, जाड. निळी. जाड. जाड. निळी. निळी. माई लिहीत गेल्या.

“सहापैकी तीन,” त्यांनी वाचलं, आणि भावाकडे बघायला जरा भ्यायल्या.

दादांनी ओठ मुडपले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

“दुकानातली खुर्ची मऊ होती,” ते म्हणाले. “कॉफी गरम होती. आणि तो दुकानदार मला उस्ताद म्हणाला.”

“मी पण म्हणते की,” वायरताई म्हणाली. “उस्ताद, कुठली ठेवू?”

“निळी.”

तिने निळी तार नळीतून घेतली. बोर्ड गुंडाळून परत दिला, भिंतीवरचे ठसे फडक्याने पुसले, दोन चिठ्ठ्या लिहिल्या. दुसरी बांधायच्या आधी ती थांबली, पेन पुन्हा उघडलं आणि तारखेखाली काहीतरी लिहिलं. माईंनी नंतर वाकून वाचलं. ‘बसून ऐकलं. दहा मिनिटं.’

जाताना दादा तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. गेल्या कित्येक महिन्यांत ते कुणाला सोडायला गेले नव्हते. माई दारात उभ्या होत्या. लिफ्ट आली, घंटा वाजली.

“उतरलेली आहे,” दादांचा आवाज आला. “ऐकलंस? निदान अर्ध्या सुराने. सहा वर्षं सांगतोय, कुणी मनावर घेत नाही.”

“घंटा माझ्याकडे नाही हो, दादा. मी फक्त तारा बघते.”

“तारा बघणारी माणसं फार पाहिली मी,” दादा म्हणाले. पुढचं लिफ्टच्या दाराने माईंना ऐकू दिलं नाही, पण वायरताईचं हसणं जिन्यातून तळमजल्यापर्यंत उतरत गेलं.

परत आल्यावर दादांनी टेबलावरचं पाकीट उचललं, उजेडात धरलं आणि बाजूने सरळ फाडलं. “कागद दे,” ते माईंना म्हणाले. “आणि तू लिही. तुझं अक्षर बरं. मजकूर मी सांगतो.”

“पत्ता वळणदार काढू?”

“काढ. काही बिघडत नाही.”

त्या संध्याकाळी हॉलमध्ये गाणं लागलं, आणि दादा माईंना हाक न मारता एकटेच ऐकत बसले. झोपायच्या आधी त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. माईंनी दिवा ओढून घेतला आणि रविवार, १५ ऑक्टोबर अशी तारीख घातली. दहापैकी दहा, सहापैकी तीन, दोन्ही उतरवून काढलं. वायरताईने दोन कप चहा घेतला, हेही लिहिलं. मग शेवटी लिहिलं: जाड तार माळ्यावर, पंख्याच्या खोक्यात. जुन्या पाकिटावरचं तिकीट वाफेवर सोडवून घेतलं, फाटलं नाही. किटलीत क्षार धरला आहे; उद्या लिंबू घालून उकळणे.